अतिउत्तम, कारवाईची गरज नाही

लुडेके : चहा राहू द्या हो बाई! मी कागद मागतोय, चहा नाही.

ब्रुन्येसबाई : अकरा वाजून दहा मिनिटं झालीत, लुडेकेसाहेब. या वेळेला नोंदणी कक्षात चहाच मिळतो. बसा. खाली खडीसाखर आहे, वर साय आहे. ढवळू नका.

लुडेके : मंगळवारचा कागद. तळघरातल्या नेटवर्कच्या स्विचनं पाठवलेला. आकडा एक. तेवढा काढून द्या, मग तीन कप काय, तेरा पितो.

ब्रुन्येसबाई : तीन पुरेत, आपल्याकडे तेवढे प्यावेच लागतात. आणि 'तळघर' हा काही पत्ता झाला नाही. तळघरातून आमच्याशी तिघांचा पत्रव्यवहार चालतो. दोन पेट्या आणि हिनर्क.

लुडेके : मोठी पेटी. हिरवे दिवे लुकलुकतात ती. वृद्धनिवासातल्या घंटांच्या तारा तिच्यातूनच जातात. सेहेचाळीस खोल्या, सेहेचाळीस घंटा. तिला वीज पुरवणारे दोन डबे आहेत, एक मंगळवारी मेला. दुसऱ्याचा पंखा सकाळपासून दाण्यांची भरड काढल्यासारखा घरघरतोय. तो गेला की शनिवार-रविवार म्हातारी माणसं घंटा दाबत बसतील आणि परिचारिकांना ढिम्म कळणार नाही.

ब्रुन्येसबाई : मग डबा बदला.

लुडेके : नवा डबा हिनर्कच्या कोठारात पडलाय. तो म्हणतो, बिघाडाच्या कागदाचा नोंद क्रमांक आण, तरच देतो.

ब्रुन्येसबाई : बरोबर म्हणतो.

लुडेके : तुम्ही हेच म्हणणार हे जिना चढतानाच ठरलं होतं.

ब्रुन्येसबाई : घाई करून कागद सापडत नसतात. ही बघा मंगळवारची बिघाडाची फाइल. आकडा सहाचे दोनशे चौदा. पाचाचे नव्वद. साताचे एकोणीस. साताच्या सगळ्यांना मी त्याच दिवशी इशारापत्रं धाडलीत.

लुडेके : साताला इशारापत्र?

ब्रुन्येसबाई : मग काय त्यांची आरती करू?

लुडेके : आणि एकाचे कुठे आहेत?

ब्रुन्येसबाई : ते बिघाडात कसे असतील? ते या हिरव्या फाइलीत. शिक्का बघा, मी स्वतः करून घेतलाय. 'अतिउत्तम, कारवाईची गरज नाही.'

लुडेके : (चहात चमचा फिरवू लागतो.)

ब्रुन्येसबाई : ढवळू नका म्हटलं ना.

लुडेके : बाई, अतिउत्तम हे कुणी ठरवलं?

ब्रुन्येसबाई : ठरवायचं काय त्यात? शाळेत गेला होतात ना तुम्ही? एक म्हणजे अतिउत्तम, दोन म्हणजे चांगला, चारात कसाबसा पास, सहा म्हणजे नापास. मला गणितात एकदा सहा पडले होते, वडील आठवडाभर बोलले नव्हते माझ्याशी. आता सात मात्र मी जन्मात पाहिले नव्हते. म्हटलं, नापासाच्याही खाली जो गेलाय त्याला तातडीनं समज द्यायला हवी.

लुडेके : उलटं आहे हो! अगदी उलटं! शून्य म्हणजे घर पेटलंय. एक म्हणजे पेटायच्या बेतात आहे, धावा. दोन, तीन, चार ही कमी-जास्त दुखणी. पाच म्हणजे सहज कानावर घालतोय. सहा म्हणजे सगळं ठीक चाललंय. आणि सात म्हणजे पेटी स्वतःशीच पुटपुटतेय!

ब्रुन्येसबाई : म्हणजे दोन वर्षं मी...

लुडेके : पुटपुटणाऱ्यांना दम भरलात, आणि धावा धावा म्हणणाऱ्यांचं अभिनंदन केलंत.

ब्रुन्येसबाई : अभिनंदन नाही केलं. फक्त प्रशस्तिपत्रक. तेही वर्षाअखेरीला.

लुडेके : शून्य कधी आला होता का?

ब्रुन्येसबाई : फेब्रुवारीत एक आला होता. शून्य असा गुण नसतो, म्हणून छपाईची चूक समजून परत पाठवला.

लुडेके : फेब्रुवारीत विवाह नोंदणीचा सगळा मजला दोन दिवस बंद होता! दोन जोडपी लग्न न होता परत गेली!

ब्रुन्येसबाई : हो, आठवतंय. फार शांततेत काम झालं त्या दोन दिवसांत.

लुडेके : तुम्हाला हसू येतं तरी कसं?

ब्रुन्येसबाई : मी हसले नाही. आणि आता माझंही ऐका. हे कागद माझ्या टेबलावर आणले कुणी? मी काही पेटीला निमंत्रण दिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी नगराध्यक्षांना पत्र कुणी लिहिलं? 'स्विच दिवसरात्र निरोप पाठवतात आणि या नगरभवनात एकही माणूस ते वाचत नाही.' सही कुणाची? ए. लुडेके.

लुडेके : मला मदतीला आणखी एक माणूस हवा होता!

ब्रुन्येसबाई : तसं लिहायचं होतं. तुम्ही टोमणा मारलात, आणि नगराध्यक्षांना तो पटला. 'नगरभवनात येणारा प्रत्येक निरोप छापला जाईल, त्याची नोंद होईल आणि त्याला चौदा दिवसांत उत्तर दिलं जाईल.' मी उत्तर देते. आजपर्यंत एकतीस हजार पोचपावत्या पाठवल्यात. एकाही पेटीनं कधी साधा आभाराचा शब्द लिहिला नाही.

लुडेके : तेही सांगायचंच होतं. तुमची पोचपावती पेटीच्या दारात जाते. पेटीला टपाल घेता येत नाही. ती म्हणते, कुणीतरी दार ठोठावलं, मी उघडलं नाही. हा झाला नवा निरोप. तो छापून तुमच्याकडे येतो.

ब्रुन्येसबाई : आणि मी त्याची पोचपावती पाठवते.

लुडेके : आणि ती पुन्हा दार ठोठावते.

ब्रुन्येसबाई : तरीच म्हटलं, पत्रव्यवहार वाढतोय तरी एवढा कशामुळे. कामाचा ताण बघून मला या वर्षी अर्धवेळ मदतनीस मंजूर झालीय.

लुडेके : तुम्हाला? मदतनीस?

ब्रुन्येसबाई : टोमणा न मारता अर्ज केला. पण मूळ मुद्दा राहिला. मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, या आकड्यांचा अर्थ काय. तुम्ही काय पाठवलंत? चौऱ्याऐंशी पानं, इंग्रजीतली. वर चिठ्ठी, 'यात सगळं आहे.'

लुडेके : होतंच त्यात सगळं.

ब्रुन्येसबाई : त्यात ऐंशी पानं कंपनीची हमी कशाकशाला लागू नाही याची होती. दोन वर्षांत एकदा जिना चढून वर आला असतात, पाच मिनिटं बसला असतात, तर मी दोन कप चहात शिकले असते. तुम्हाला वाटलं, म्हातारीला कागदावर शिक्के मारू देत, आपलं काय जातं.

लुडेके : तसं अगदी...

ब्रुन्येसबाई : तसंच वाटलं.

लुडेके : बरं, वाटलं. चुकलं माझं. आता तो कागद शोधूया का?

ब्रुन्येसबाई : हिरव्या फाइलीत मंगळवारचा एकही नाही. पेटीच्या पोटात पुन्हा नाही का सापडणार?

लुडेके : पोटात शेवटच्या पाचशे ओळी राहतात. त्यातल्या चारशे नव्वद तुम्ही दार ठोठावल्याच्या आहेत. आज सकाळी मी दुसऱ्याच कामाला तळघरात गेलो, तेव्हा मेलेल्या डब्याचा लाल दिवा दिसला. पेटीला विचारलं, बाई गं, किती वेळ जागी आहेस? म्हणाली, दोन दिवस अठरा तास. म्हणजे मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला ती निपचित पडली आणि आपली आपण उठली. उठल्या उठल्या पहिलं वाक्य हेच बोलली असणार, 'माझा एक डबा गेला.' आकडा एक.

ब्रुन्येसबाई : थांबा. उठल्या उठल्या म्हणालात. तेव्हा तिला तारीख ठाऊक असते?

लुडेके : नसते. झोपेतून उठल्यावर पहिली काही मिनिटं तिला वाटतं, आज एक मार्च एकोणीसशे त्र्याण्णव आहे. कारखान्यातनं येतानाच डोक्यात तेवढं भरलेलं असतं. मग ती कुणालातरी विचारून घड्याळ लावून घेते. म्हणून त्या तारखेआधी चांदणी छापते, की यावर विश्वास ठेवू नका.

ब्रुन्येसबाई : चांदणी!

लुडेके : काय झालं?

ब्रुन्येसबाई : अहो, तारखेआधी चांदणी म्हणजे जन्मतारीख. थडग्यावर, वंशावळीवर, सगळीकडे तेच असतं. मी ती पेटीची म्हणून आस्थापना विभागाला कळवली होती. त्यांनी उलट विचारलं, एवढ्या वयाच्या कर्मचाऱ्याचं निवृत्तिवेतन खातं कसं नाही? ते प्रकरण अजून चालू आहे.

लुडेके : देवा रे. आणि कागद? मूळ कागद कुठे आहे?

ब्रुन्येसबाई : सापडेल. रजिस्टर कशासाठी ठेवलंय? एक मार्च त्र्याण्णव... हा बघा. आवक मंगळवार, सोळा वाजून वीस मिनिटं. आकडा एक. अतिउत्तम. कागदाची तारीख त्र्याण्णव. आणि...

लुडेके : आणि?

ब्रुन्येसबाई : 'तीस वर्षांची मुदत उलटली. नष्ट करणे.' क्रमांक न देताच निळ्या डब्यात टाकलाय, आणि कागद समोर असल्याशिवाय क्रमांक देता येत नाही.

लुडेके : मंगळवारी आलेला कागद मुदत उलटलेला?

ब्रुन्येसबाई : कागदावर जी तारीख असते ती कागदाची तारीख. मी माझ्या मनानं तारखा घालायला लागले तर झालंच.

लुडेके : निळा डबा कधी रिकामा होतो?

ब्रुन्येसबाई : शुक्रवारी. दुपारी बारा वाजता, कागद फाडणाऱ्यांची गाडी येते.

हिनर्क : ती गाडी खाली उभी आहे, बाई. लवकर आली आज. मी निळा डबा न्यायला आलो. इथं सही करा म्हणजे मी सुटलो. घरी बायकोनं मासे वाफवलेत. अरे, लुडेके! मिळाला का तुला नोंद क्रमांक?

लुडेके : त्या डब्यात आहे. उघड तो.

हिनर्क : हा? याला शिशाचं सील आहे. मीच लावलंय काल.

लुडेके : मग तूच तोड.

हिनर्क : तसं कसं तोडीन? सील तोडायला नगराध्यक्षांची सही लागते. नगराध्यक्ष साडेदहालाच गेले होडीवर, वारा चांगला आहे म्हणाले. सोमवारी ये.

लुडेके : सोमवारी तो कागद चिंध्या झालेला असेल!

हिनर्क : मग नवा डबा नाही मिळायचा. मी काय वाईट माणूस आहे का? पण उद्या तपासणीला आले आणि विचारलं, की हिनर्क, हा माल कोणत्या नोंदीवर दिलास, तर मी काय सांगू? लुडेके रडत होता म्हणून?

ब्रुन्येसबाई : हिनर्क बरोबर बोलतोय.

लुडेके : तुम्ही दोघंही दोन वर्षं बरोबरच बोलताय! सगळं नगरभवन बरोबर बोलतंय! आणि तिकडे मंगळवारी चार ते सव्वाचारच्या दरम्यान, पेटी पुरती उठेपर्यंतची अकरा मिनिटं, सेहेचाळीस घंटा मुक्या होत्या. सगळ्या. कुणी त्या वेळेत पडलं असेल, कुणाचा श्वास अडकला असेल, आणि दाबत बसलं असेल बिचारं. आपल्याला ठाऊकसुद्धा नाही. आता तो पंखा थांबला की अकरा मिनिटं नाही, अडीच दिवस.

ब्रुन्येसबाई : किती वाजता म्हणालात?

लुडेके : चार. चार ते सव्वाचार.

ब्रुन्येसबाई : मंगळवारी.

लुडेके : मंगळवारी. का?

ब्रुन्येसबाई : केकची गाडी नुकतीच गेली होती, असं म्हणाली ती. चारला खोल्याखोल्यांतून जाते केकची गाडी.

हिनर्क : कोण म्हणाली?

ब्रुन्येसबाई : माझी आई. वृद्धनिवासात चौदा नंबरच्या खोलीत असते. चष्मा घ्यायला वाकली आणि पलंगाशी घसरली. उठता येईना. म्हणाली, गेझीना, मी घंटा दाबली, दाबली, बोट दुखेपर्यंत दाबली, कुणी आलं नाही. शेवटी शेजारच्या आजोबांनी आरडाओरडा केला. मनगट हे एवढं सुजलंय.

लुडेके : बाई...

ब्रुन्येसबाई : मी मुख्य परिचारिकेला विचारलं. तिनं घंटांची यादी दाखवली. चौदा नंबर, मंगळवार, चार वाजता, काही नाही. मग मी आईला सांगितलं, की आई, नोंद नाही म्हणजे तू घंटा दाबली नाहीस. वयानुसार होतं असं, म्हटलं. तुला वाटलं असेल, दाबली. वर एक पत्रकही दिलं तिला, स्मृतिभ्रंशाच्या पहिल्या लक्षणांचं. घडी नीट घालून.

हिनर्क : थेडाकाकूंना? अहो, त्यांना अख्ख्या गावाचे वाढदिवस पाठ आहेत.

ब्रुन्येसबाई : तीन दिवस धड बोलत नाहीये ती माझ्याशी. काल म्हणाली, तू येत जा, पण मी काही सांगणार नाही, तुला लेखी लागतं.

लुडेके : तुम्हाला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

ब्रुन्येसबाई : होतं की. मंगळवारी चार वाजून वीस मिनिटांनी तो कागद माझ्याच हातात होता. मी त्यावर अतिउत्तम असा शिक्का मारला आणि पाच वाजता तिला भेटायला गेले. हिनर्क, ती कात्री दे इकडे.

हिनर्क : बाई, हे शिसं आहे. आणि नगराध्यक्षांची सही...

ब्रुन्येसबाई : कात्री दे म्हटलं ना. एकतीस वर्षं मी या इमारतीत एकही सील तोडलेलं नाही. त्या शिलकीतलं एक आज तोडते.

हिनर्क : ही पक्कड घ्या, कात्रीनं नाही व्हायचं. मी बघितलं नाही. मी मासे आठवतोय.

ब्रुन्येसबाई : तू बघ. नीट बघ. दोघांच्या डोळ्यांदेखत उघडलं अशी नोंद करायचीय मला. लुडेकेसाहेब, हात घाला, तुमचे लांब आहेत.

लुडेके : सहा, सहा, पाच, सहा... हे काय, हरवलेल्या कुत्र्याचा अर्ज?

ब्रुन्येसबाई : तो ठेवा बाजूला, तो चुकून आलाय. बुधवारी त्या बाई रडत आल्या होत्या. चांदणी बघा, चांदणी.

लुडेके : सापडला! हा बघा. आधी चांदणी आणि खोटी तारीख. मग बोलणारा कोण, तर वीजपुरवठा. मग आकडा, एक. आणि शेवटी काय दुखतंय ते, 'पहिला डबा निकामी.' चार शब्दांत सगळं. बघितलंत ना, एवढंच वाचायचं असतं.

ब्रुन्येसबाई : एवढंच?

लुडेके : एवढंच. कधी, कोण, किती, काय.

ब्रुन्येसबाई : ही चौऱ्याऐंशी पानं होती?

लुडेके : दुपारी नाक घासतो तुमच्यापुढे. आधी नोंद क्रमांक द्या.

ब्रुन्येसबाई : लिहितेय. क्रमांक एकतीस हजार चारशे सात. दिनांक...

हिनर्क : कागदावर त्र्याण्णव आहे, बाई.

ब्रुन्येसबाई : दिसतंय मला. दिनांक, या आठवड्याचा मंगळवार. वेळ, चार ते सव्वाचार. आधार...

लुडेके : पेटी किती वेळ जागी आहे त्यावरून, असं लिहा. तांत्रिक पुरावा.

ब्रुन्येसबाई : नाही. आधार, श्रीमती थेडा ब्रुन्येस, खोली क्रमांक चौदा, तोंडी निवेदन.

हिनर्क : तोंडी? आपल्याकडे तोंडी चालतं?

ब्रुन्येसबाई : आजपासून चालतं. घे, शिक्का. आता डबा दे त्याला आणि तूही जा बरोबर, दिवा धरायला.

हिनर्क : आणि खालची गाडी?

ब्रुन्येसबाई : गाडीवाल्याला वर पाठव. हा तिसरा कप कुणीतरी प्यायलाच हवा.

(बारा वाजायला दहा मिनिटं. खिडकीजवळचा छपाईयंत्राचा पंखा सुरू होतो. एक कागद बाहेर येतो. जिन्यावर पावलं.)

हिनर्क : बसवला, बाई. जुना डबा काढला तर हाताला चटका बसला, शेजारच्याच्या धगीनं एवढा तापला होता. दुसऱ्याचा पंखा आम्ही उतरलो तेव्हा थांबतच आला होता. लुडेके म्हणतो, अर्धा तास काढला नसता त्यानं.

लुडेके : कागद आला का?

ब्रुन्येसबाई : आत्ताच आला. तारीख आजची, चांदणी नाही. बोलणारा, वीजपुरवठा. आकडा सहा.

हिनर्क : नापास! इशारापत्र काढू का, बाई?

ब्रुन्येसबाई : तू मासे खायला जा. काय दुखतंय, तर... 'पहिला डबा व्यवस्थित चालू.' म्हणजे काहीच दुखत नाही.

लुडेके : पोचपावती पाठवू नका म्हणजे झालं.

ब्रुन्येसबाई : नाही पाठवत. पण सोमवारी अकरा वाजता तुम्ही इथं हजर हवेत. हिरवी फाइल पहिल्यापासून वाचायचीय. दोन वर्षांत कोण कोण हाका मारत होतं ते बघू.

लुडेके : येतो. आणि त्या आस्थापनेच्या प्रकरणाचं काय करायचं? त्र्याण्णव सालच्या कर्मचाऱ्याचं?

ब्रुन्येसबाई : ते चालू दे. त्यांनाही काम हवं. आता जरा गप्प बसा दोघं, मला फोन करायचाय.

हिनर्क : आम्ही बाहेर जाऊ का?

ब्रुन्येसबाई : नको. बसा. ... हॅलो, आई? मी, गेझीना. फोन ठेवू नकोस. एक काम कर, तुझ्या पलंगाजवळची घंटा दाब. ... काही नको आहे गं. नुसती दाब. ... परिचारिका आली? इतक्यात? सांग तिला, मुलीनं दाबायला सांगितली. ... नाही, थट्टा नाही करत. आई, मंगळवारी चार वाजता घंटा बंद होत्या. सगळ्यांच्या. तू दाबली होतीस. ... हो, कागद आहे माझ्याकडे. आहे, शिक्का मारलेला. ... हो, आई. कागद आज मिळाला. तू मंगळवारीच सांगितलं होतंस.